खोली, वॉर्ड आणि गाव : मुंबईच्या रोगराईचा भूगोल आणि लोटे परिसर

एखाद्या वस्तीत ठरावीक काळात, दर हजार माणसांमागे किती जण आजारी पडले आणि किती दगावले, हा आकडा एकाच शहरात मोहल्ल्यागणिक बदलतो. घर, पाणी, धंदा, मिळकत, जात आणि माणसांचे येणेजाणे या सगळ्यांचा ठसा त्यावर असतो. मुंबईने हा हिशेब दीडशे वर्षांहून अधिक काळ वॉर्डावॉर्डाने ठेवला आहे. पण त्या हिशेबातला मोठा भाग शहराच्या हद्दीबाहेर, कोकणात घडत होता. गिरणगावच्या चाळींत राहणारी माणसे खेड, चिपळूण, दापोली, गुहागर या तालुक्यांतून आलेली असत. त्यांच्या बायकांची बाळंतपणे गावी होत, त्यांचे म्हातारपण गावी जाई आणि पुष्कळांचे शेवटचे दुखणेही गावीच निघे. म्हणून परळ-लालबागचे आकडे उलगडायचे तर खेड-चिपळूणच्या मधल्या लोटे, आवाशी, घाणेखुंट अशा गावांचाही विचार करावा लागतो. पुढे याच गावांच्या सड्यावर रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली आणि वस्ती व रोग यांच्या नात्याचा प्रश्न कोकणाच्या दारातच येऊन ठेपला.

मोजणीची सुरुवात

वस्तीप्रमाणे मृत्यू मोजण्याची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. पॅरिसमध्ये लुई-रने व्हिलेर्मे याने १८२० च्या दशकात शहराच्या विभागांचे मृत्युदर तपासले. नदीची जवळीक, वाऱ्याची दिशा, जमिनीची उंची यांपैकी कशाशीच ते नीट जुळेनात. ते जुळले रहिवाशांच्या सांपत्तिक स्थितीशी. गरीब विभागात मरण अधिक, श्रीमंत विभागात कमी, असे त्यातून दिसले. लंडनमध्ये १८५४ च्या पटकीच्या साथीत जॉन स्नो याने मृतांची घरे नकाशावर मांडली आणि रोगाचा माग एका सार्वजनिक पंपापर्यंत काढला.

मुंबईत डॉ. अँड्र्यू लीथ यांनी १८६४ मध्ये बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. तुंबलेली गटारे, घरांमागच्या मैल्याच्या बोळी आणि दाटीची घरे यांचे त्यात सविस्तर वर्णन आहे. पुढच्याच वर्षी नगरपालिकेला आर्थर क्रॉफर्ड यांच्या रूपाने आयुक्त मिळाला आणि डॉ. थॉमस ह्यूलेट यांच्या रूपाने आरोग्य अधिकारी. शहराचे वॉर्ड पडले. फोर्ट-कुलाब्याचा ए, मांडवी-डोंगरीचा बी, भुलेश्वर-धोबीतलावाचा सी, गिरगाव-वाळकेश्वरचा डी, भायखळा-कामाठीपुऱ्याचा ई, परळ-शिवडीचा एफ आणि माहीम-वरळीचा जी. आरोग्य खात्याच्या वार्षिक अहवालात मृत्यूंची वर्गवारी वॉर्डाप्रमाणे होऊ लागली, तशीच ती जात आणि धर्म यांप्रमाणेही होऊ लागली. जैन, ब्राह्मण, भाटिये, इतर हिंदू, ‘खालच्या जातींचे’ हिंदू, मुसलमान, पारशी, ज्यू, देशी ख्रिस्ती आणि युरोपियन असे रकाने त्यात असत.

या रकान्यांनी एक मोठी सोय केली आणि एक मोठा गैरसमजही रुजवला. कोणत्या समाजात मरण अधिक हे त्यांतून कळे, पण का अधिक याचे उत्तर अधिकारी सहसा त्या समाजाच्या ‘सवयीं’त शोधत. तो समाज शहराच्या कोणत्या गल्लीत, किती खोलीत, कोणत्या नळावर जगतो, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला. पाण्याच्या बाबतीत मात्र उत्तर लवकर सापडले. १८६० मध्ये विहारचे, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले. जिथे नळ पोचला तिथे पटकीचा जोर ओसरू लागला.

कोकणातून आलेली माणसे

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि शतक संपेपर्यंत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी या भागांत धुरांड्यांची रांग उभी राहिली. कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठा रत्नागिरी जिल्ह्याने केला. (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येई, तो १९८१ मध्ये वेगळा झाला.) १९११ आणि १९२१ च्या जनगणनांत रत्नागिरीत जन्मलेले दोन लाखांवर लोक मुंबईत राहत होते, म्हणजे शहराचा सुमारे एक-पंचमांश भाग. १९११ मध्ये गिरणी कामगारांतले जवळपास निम्मे याच जिल्ह्याचे होते. खेड-चिपळूणकडची माणसे होडीने खाडी उतरून दाभोळ गाठत आणि तिथून आगबोटीने मुंबईला जात.

येणारे बहुतेक पुरुष होते. १९११ आणि १९२१ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे बायका साधारण सव्वापाचशेच होत्या. एका गावचे किंवा एका वाडीचे लोक मिळून खोली भाड्याने घेत. या गावकीच्या खोलीला गाळा म्हणत. भिंतीलगत पत्र्याच्या पेट्या, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात मोरी आणि ज्याची त्याची गुंडाळलेली वळकटी एवढाच तिथला संसार. दिवसपाळीचे लोक बाहेर पडले की रात्रपाळीचे त्याच जमिनीवर आडवे होत. जेवण खानावळीत. गावी पैसे आणि निरोप पाठवायची व्यवस्थाही याच गाळ्यातून चाले.

रोग आणि माणसाचे मूळ गाव यांचा संबंध याच काळात एका डॉक्टरने बारकाईने तपासला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथातल्या चित्रांचे चित्रकार म्हणून जगाला माहीत आहेत. मुंबईत त्यांनी महारोग्यांची पाहणी केली आणि १८७२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या महारोगावर अहवाल लिहिला. रुग्ण मुंबईत कुठे राहतो एवढ्यावर न थांबता तो मुळात कुठला, हे त्यांनी नोंदवले. त्यात कोकणाचा, विशेषतः रत्नागिरीचा वाटा ठळक होता. ज्या रोगाची लक्षणे संसर्गानंतर कित्येक वर्षांनी दिसतात, त्याचा नकाशा रुग्णाच्या आजच्या पत्त्यावरून काढता येत नाही, हा त्या पाहणीचा धडा होता. शहराने मात्र वेगळा मार्ग धरला. आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंग्याला बेघर महारोग्यांचा आश्रम उघडला आणि रस्त्यावर भीक मागणाऱ्यांना तिकडे हलवले.

गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत गाठीच्या तापाचा, म्हणजे प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी हा बंदरालगतचा धान्यबाजार. खाली गोदामात पोत्यांच्या थप्प्या आणि वर माडीवर माणसे, अशी तिथली घरे. उंदीर, पिसू आणि माणूस यांना जोडणारा दुवा तेव्हा माहीत नव्हता. पॉल-लुई सिमाँ याने तो १८९८ मध्ये कराचीत दाखवला. पुढे प्लेग संशोधन आयोगाने १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्रयोग करून तो पक्का केला. तोवर साथीची चाल नुसती डोळ्यांना दिसत होती. आधी मांडवी, मग लगतचे मोहल्ले, मग भायखळा-कामाठीपुरा आणि पुढे उत्तरेकडचा गिरणीपट्टा.

सरकारने ही चाल रोखण्यासाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला आणि मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली. घरझडती सुरू झाली. रुग्ण सापडलेल्या घराच्या दारावर तारखेसह वर्तुळ काढले जाई. रुग्ण वाढला की वर्तुळ वाढे. काही दारांवर अशा वर्तुळांची रांगच लागली. अंधाऱ्या घरांवर उजेड यावा म्हणून कौले उतरवली गेली आणि जी घरे राहण्यास अयोग्य ठरली त्यांवर तशी इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. वस्तीवार रोगाचा नकाशा इथे प्रत्यक्ष भिंतींवर उमटला होता आणि तो घरातल्या माणसांसाठी भीतीचे कारण झाला होता.

१८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत शहरातली जवळपास अर्धी वस्ती निघून गेली. ज्यांना गाव होते ते गावी गेले. कोकणातल्या बंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. मुंबईच्या मृत्युनोंदीत त्या महिन्यांचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मेलेल्यांची संख्या नोंदलेली होती, पण ज्या लोकसंख्येतून ते मेले ती किती उरली होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. भागाकारातला खालचा आकडाच हरवला होता. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. दहा वर्षांपूर्वी ती ८,२१,७६४ होती.

वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मराठा रुग्णालय उभारले आणि रुग्णांची सेवा करतानाच फेब्रुवारी १८९७ मध्ये ते स्वतः प्लेगने गेले. सरकारी इस्पितळाला घाबरणारा कामगार आपल्या माणसांच्या हाती उपचार घ्यायला तयार होता, हे या धडपडीतून दिसले.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधारणा न्यास स्थापन झाला. नागपाड्यापासून दाट मोहल्ले पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम त्याने हाती घेतले. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरांना उजेड मिळावा म्हणून दोन इमारतींमधल्या अंतराचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. पण पाडलेल्या घरांइतक्या खोल्या लगेच उभ्या राहिल्या नाहीत. उठवलेले रहिवासी शेजारच्या मोहल्ल्यात शिरले आणि दाटी एका गल्लीतून दुसरीत गेली. रोग्याच्या घराचा पत्ता बदलला, त्याचे हाल बदलले नाहीत.

हिवतापाचा उलटा नकाशा

रोग नेहमी गरिबांच्याच वस्तीत जास्त असतो, हा समज हिवतापाने खोटा ठरवला. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला. त्यांच्या तपासणीत फोर्टसारख्या सुस्थितीतल्या भागांत हिवतापाचे प्रमाण मोठे निघाले. कारण होते घरगुती विहिरी. ‘अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी’ हा डास स्वच्छ साठ्याच्या पाण्यात वाढतो. चौकात स्वतःची विहीर आणि गच्चीवर टाकी असलेल्या घरात त्याला हवी ती जागा मिळे. चाळीत विहीर नव्हती, तिथे सार्वजनिक नळ होता.

विहिरी बुजवण्याचे किंवा घट्ट झाकण्याचे आदेश निघाले, तेव्हा पारशी समाजाने धार्मिक कारणाने हरकत घेतली. विहिरीच्या पाण्याला त्यांच्या आचारात स्थान आहे. मार्ग असा निघाला की विहीर पक्की झाकायची, पण पाणी काढण्यासाठी बारीक तारेच्या जाळीचे झडपेसारखे दार ठेवायचे. डास अडले आणि श्रद्धाही राहिली. दुसरीकडे गोदीच्या बांधकामासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचून मजुरांतही हिवताप उसळला. एकाच रोगाची दोन कारणे दोन वेगळ्या वस्त्यांत सापडली. म्हणून श्रीमंत-गरीब एवढ्या एकाच फूटपट्टीने सगळे रोग मोजता येत नाहीत. रोगाचा वाहक कुठे वाढतो हे आधी पाहावे लागते.

मानमोडी

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेल्या पोलीस शिपायांना ताप आला आणि इन्फ्लुएंझाची पहिली लाट सुरू झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट संहारक होती. ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मराठी मुलखात या तापाला मानमोडी म्हणत. त्या वर्षी पाऊस हुकला होता, धान्य महागले होते आणि अशक्त झालेल्या शरीरांवर साथ येऊन पडली.

आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांच्या काळात नोंदलेले समाजवार मृत्युदर पुढे अनेक अभ्यासकांनी वापरले. दर हजारी युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२ आणि ‘खालच्या जातींच्या’ हिंदूंत तब्बल ६१.६ मृत्यू. हवेतून पसरणारा रोग सगळ्यांना सारखाच गाठेल असे वाटते. तरीही अस्पृश्य मानलेल्या जातींत मरण इतर हिंदूंच्या तिपटीहून अधिक होते. या वस्त्या बहुधा झोपड्यांच्या, ओल धरलेल्या आणि पाण्याच्या नळापासून दूर असत. घरात एक जण पडला की दुसऱ्याची मजुरी बुडे आणि पेज शिजवून घालायला कोणी उरत नसे. साध्या शुश्रूषेवाचून न्यूमोनिया झाला की माणूस जाई. भारतात या साथीत स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक झाले. आजाऱ्याची सेवा करणारी बाई स्वतः आजारी असली तरी उठत होती, हे त्याचे एक कारण अभ्यासक देतात. ६१.६ हा आकडा जातीच्या रकान्यात लिहिला गेला, पण त्याच्यामागे घर, पोट आणि तिरस्कार अशी तीन कारणे एकत्र उभी होती.

खोलीचा हिशेब

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या आरोग्य खात्याने बालमृत्यूंची वर्गवारी घराच्या खोल्यांवरून केली. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या मुंबईतील मजूर आणि घरे या विषयावरील ग्रंथामुळे हे १९२१ चे आकडे सर्वदूर पोचले. एका खोलीत किंवा तिच्याही एका भागात राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे सुमारे ८२८ अर्भके दगावली. दोन खोल्यांत हा आकडा ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३ होता. शहरातले दोन-तृतीयांशाहून अधिक लोक एका खोलीत राहत होते. वॉर्ड आणि जात यांच्या खाली दडलेले खरे मोजमाप, म्हणजे खोली, या तक्त्याने उघडे केले.

त्या खोलीत काय चाले हे डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२२ च्या पाहणीत लिहिले. सरकारच्या कामगार कचेरीने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी त्यांची नेमणूक केली होती. खिडकीविना धुराने भरलेली खोली, एका खोलीत तर सहा कुटुंबांच्या चुली, मोरीतून येणारी दुर्गंधी. आई गिरणीत गेली की तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवले जाई. गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. त्या बाईपुढे दुसरा मार्ग नव्हता. पगार बुडला तर भाडे जाई आणि भाडे गेले तर खोली जाई. या चौकशीनंतरच्या चर्चेतून १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता.

तरी ८२८ हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही आणि इथेच कोकणातले गाव हिशेबात शिरते. पुष्कळ कोकणी बायका बाळंतपणासाठी गावी जात. मुलाचा जन्म खेड-चिपळूणकडच्या गावात नोंदला जाई, किंवा नोंदलाच जात नसे. काही महिन्यांनी आई मूल घेऊन चाळीत परते. मूल तिथे दगावले तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत चढे. समजा, एका चाळीतल्या बायकांना वर्षात १०० मुले झाली. त्यांतली ४० गावी जन्मली, ६० मुंबईत. पुढे मुंबईत २० मुले गेली. खरा दर हजारी २०० आहे. पण मुंबईच्या वहीत जन्म ६० आणि मृत्यू २० असल्याने तो ३३३ दिसतो. त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही हा दोष माहीत होता आणि पुढे आकडे दुरुस्त करण्याचे प्रयत्न झाले. दुरुस्तीनंतरही एका खोलीतले बालमरण बाकीच्यांहून फार मोठेच राहिले.

सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे विकास खात्याच्या, म्हणजे बीडीडी चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती, प्रत्येकीत मजल्यागणिक ओळीने एका खोलीची घरे. आगीला टिकणाऱ्या या चाळींनी छप्पर दिले, पण कुटुंबाच्या वाट्याला पुन्हा एकच खोली आली.

गावी जाणारा क्षय

बालमृत्यूच्या आकड्यात गाव नसल्याने मुंबईचा दर फुगला. क्षयाच्या बाबतीत नेमके उलटे झाले. गिरणीच्या पिंजण आणि कार्डिंग खात्यांत कापसाची धूळ दिवसभर छातीत जाई. रात्री तोच कामगार दहा-पंधरा जणांच्या गाळ्यात झोपे. खोकला जुना झाला, रक्त पडू लागले, हजेरी बुडू लागली की गावकरी त्याला बोटीत बसवून देत. तो गावी काही महिने काढी आणि पडवीत प्राण सोडी. मृत्यू रत्नागिरी जिल्ह्यात झाला आणि मुंबईचा क्षयाचा आकडा एका माणसाने हलका झाला. मधल्या महिन्यांत घरातल्या बायका-मुलांना संसर्ग पोचलेला असे.

कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आणि १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या व्हिटली आयोगाने कामगाराचे गावाशी असलेले नाते हा त्याचा आजारपणातला आधार मानला. हा आधार खरा होता, पण त्याची किंमत गाव मोजत होते. गिरणीचा नफा शहरात राहिला आणि थकलेल्या छातीची सेवा गावाकडच्या बाईने केली. आजच्या लोकसंख्याशास्त्रात परदेशी स्थलांतरितांबद्दल असाच प्रश्न विचारला जातो. अमेरिकेतल्या मेक्सिकन स्थलांतरितांचा मृत्युदर कमी दिसतो, त्यामागे आजारी आणि वृद्ध माणसे मायदेशी परत जातात हे एक कारण आहे का, याचा शोध अभ्यासक घेतात. मुंबई आणि रत्नागिरी यांच्यात हे त्याआधी दोन पिढ्या घडत होते.

वयाचाही परिणाम ध्यानात घ्यावा लागतो. गिरणगावात कमावत्या वयाचे पुरुष जास्त आणि म्हातारे कमी. त्यामुळे तिथला ढोबळ मृत्युदर प्रत्यक्षातल्या हालांपेक्षा सौम्य दिसू शकतो. रत्नागिरीत उलट स्थिती. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. जिल्ह्याबाहेर कमावायला गेलेल्या पुरुषांची ही सावली आहे. वय आणि लिंग यांची रचना सारखी करून घेतल्याखेरीज दोन वस्त्यांची तुलना न्याय्य होत नाही.

नव्या नोंदी

स्वातंत्र्यानंतर मोजणीची पद्धत सुधारली. १९६३ मध्ये भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या अभ्यासातून पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी असल्याचे दिसले. उशिरा लग्न, कमी मुले, आहार आणि राहणी अशा गोष्टींचा विचार त्यामुळे पुढे आला. अशा नोंदणीत रुग्णाने त्या भागात किमान एक वर्ष वास्तव्य केलेले असावे, असा नियम असतो. नुसता उपचाराला आलेला माणूस त्या शहराच्या आकड्यात धरला जात नाही. मुंबईत कमावणाऱ्या कोकणी चाकरमान्यांच्या बाबतीत जो घोटाळा शंभर वर्षे चालला, त्यावर हा साधा आणि नेमका उपाय आहे.

१९७० च्या दशकात परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत यांनी हवेचे प्रदूषण आणि श्वसनाचे विकार यांची वस्तीवार पाहणी केली. गिरण्यांचा लालबाग, रिफायनरी आणि खत कारखान्यांचा चेंबूर आणि तुलनेने स्वच्छ खार या तीन भागांतल्या रहिवाशांबरोबर एका ग्रामीण भागातले लोकही तपासले गेले. वय, लिंग आणि सांपत्तिक स्थिती शक्य तितकी सारखी ठेवली. लालबाग-चेंबूरमध्ये खोकला आणि धाप यांच्या तक्रारी अधिक आढळल्या. केईएमच्या ओपीडीत येणाऱ्या कोकणी कामगाराची छाती प्रथमच त्याच्या मोहल्ल्याच्या हवेशी पद्धतशीरपणे जोडली गेली.

लोटे : गावच वसाहत झाले

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि हजारो कामगार कोकणात परतले. त्याच सुमारास कोकणात उद्योग येत होते. १९६२ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ आणि १९६४ ची प्रोत्साहन योजना यांमागे मुंबई-ठाण्याबाहेर कारखाने नेण्याचे धोरण होते. त्यातून मुंबई-गोवा महामार्गावर, खेड आणि चिपळूण यांच्यामध्ये लोटे-परशुराम ही प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली.

जागेची रचना इथे निर्णायक आहे. वसाहत जांभ्या दगडाच्या सड्यावर आहे आणि खाली वाशिष्ठी-जगबुडीच्या पाण्याची दाभोळ खाडी. जांभा सच्छिद्र असतो. वर सांडलेले खाली झिरपते आणि झऱ्या-विहिरींत उतरते. सड्यावर कारखाने, उतारावर वाड्या, तळाशी मच्छीमारांची गावे अशी उतरंड आहे. वाऱ्याच्या दिशेला कोण, पाण्याच्या उतारावर कोण आणि यंत्रासमोर कोण, यावरून इथल्या वस्त्यांची जोखीम ठरते. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात लोट्याची स्वतंत्र दखल घेतली. सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राची अपुरी क्षमता, ओढ्यांत जाणारे पाणी, खाडीतली घटलेली मासळी आणि लोकांचा रोष हे त्यात नोंदले आहे. मासे गेले की मच्छीमार कुटुंबाचे उत्पन्न जाते आणि ताटातले स्वस्त प्रथिनही जाते. प्रदूषणाचा हा परिणाम कोणत्याही केसपेपरवर उमटत नाही.

वसाहतीने स्थलांतराची दिशाही बदलली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा राज्यांतून कंत्राटी कामगार इथे आले आणि आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. कधी परळला खेडच्या माणसांचा गाळा होता, आता खेड तालुक्यात परप्रांतातल्या गावांचे गाळे आहेत. हा कामगार आजारी पडला की पुष्कळदा ठेकेदार बदलतो किंवा गाडी पकडून घरी जातो. त्याची धाप किंवा त्वचेचा विकार लोट्याच्या नोंदीत राहत नाही.

नोंदीची व्यवस्था या अडचणीला पुरी पडत नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो. अर्जात नेहमीच्या राहण्याचे ठिकाण विचारलेले असते, पण स्थानिक आकडे काढताना त्याचा उपयोग क्वचितच होतो. आरोग्य खात्याचे आकडे केंद्र आणि उपकेंद्र यांच्या हद्दीप्रमाणे गोळा होतात. कारखान्यापासूनचे अंतर, वाऱ्याची दिशा, विहिरीचा उतार या गोष्टी त्या हद्दींत बसत नाहीत.

२०२० ची उजळणी

जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या माटुंगा, चेंबूर-पश्चिम आणि दहिसर या भागांतल्या तीन वॉर्डांत कोविडच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली, इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्क्यांत. त्याच वॉर्डांतल्या दोन प्रकारच्या वस्त्यांत साडेतीनपट फरक होता. सामायिक संडास आणि एका खोलीतले कुटुंब ही कारणे १९२१ चीच होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कामधंदा बंद पडल्यावर चाकरमानी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यात परतले. गावांनी शाळांत आणि रिकाम्या घरांत त्यांच्या विलगीकरणाची सोय केली. मुंबईच्या वस्त्यांतला संसर्ग आणि कोकणातल्या वाड्यांतला संसर्ग ही एकाच साखळीची दोन टोके होती.

या सगळ्या इतिहासातून मोजणीचे काही नियम हाती येतात. रुग्णाचा पत्ता लिहिताना तो तिथे किती दिवस राहतो आणि आधी कुठे होता हे लिहावे लागते. जन्म आणि मृत्यू एकाच लोकसंख्येचे धरावे लागतात. वय आणि लिंग यांचा फरक वजा करावा लागतो. जातीच्या किंवा गावाच्या रकान्यात आकडा चढवताना त्यासोबत खोली, पाणी आणि काम यांचीही नोंद हवी. लोटे परिसराला हे नियम लावायचे तर वाडीवार घरयादी, कंत्राटी कामगारांची सोडून जाताना आरोग्य तपासणी, विहिरींच्या पाण्याची ऋतूनुसार चाचणी आणि या तिन्ही नोंदी एकमेकींशी जोडण्याची सोय लागेल. मुंबईने दीडशे वर्षे वॉर्डांचा हिशेब ठेवला आणि कोकणातले गाव त्यातून निसटले. लोट्याच्या हिशेबात उतारावरची वाडी, खाडीकाठचे गाव आणि परप्रांतातून आलेला कामगार या तिघांचीही मोजणी होणे हा त्यांचा हक्क आहे.